खबर नाही म्हणजे नाही

जगात घडलेल्या कुठल्याही गोष्टीवर, ती घडल्याची खबर हातात पडेपर्यंत काडीचाही विश्वास न ठेवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो आमच्या कुंपणापलीकडे राहत होता. सूर्य उगवला हेसुद्धा काका अंगणात येऊन, कपाळावर आडवा हात धरून, पूर्वेकडे नीट बघून घेतल्याशिवाय मान्य करत नसत. कोंबडा आरवला, दूधवाला येऊन गेला, शाळेची घंटा झाली, तरी ते सगळं ऐकीव. समोरून चालत आलेल्या माणसालाही ते “आलात का?” असं विचारत आणि तो “आलो” म्हणाला की मगच “या” म्हणत. बाकीचे लोक हा प्रश्न रीत म्हणून विचारतात. काका उत्तरासाठी विचारत.

काका रेल्वेच्या सिग्नल खात्यात इन्स्पेक्टर होते. निवृत्त झाल्यावर डहाणूहून बोर्डीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, काकूंच्या माहेरच्या चिकूच्या वाडीत ते दोघं राहायला आले. माझे वडील मामलेदार कचेरीत होते आणि आमचं भाड्याचं घर त्या वाडीला लागून होतं, त्यामुळे काका आमच्या वाट्याला आले. त्यांचं म्हणणं असं, की केबिनमधल्या माणसाने लिव्हर ओढला म्हणजे दूरचा सिग्नल पडलाच, म्हणजे गाडीला वाट मिळालीच, असं नव्हे. मधली तार तुटलेली असेल, सिग्नलचा हात गंजलेला असेल, त्यावर घार बसलेली असेल. म्हणून केबिनमध्ये एक छोटी डबी ठेवलेली असते, आणि तिकडचा खरा हात खरोखर पडला तरच डबीतला छोटा हात पडतो. तिला रिपीटर म्हणतात. “हुकूम देणं हे अर्धं काम,” काका बोट वर करून सांगत. “झालं की नाही, ते बाहेर विचारावं लागतं. आणि बाहेरून खबर नाही, म्हणजे नाही!”

हे तत्त्व रेल्वेत राहिलं असतं तर गाड्या सुखरूप धावल्या असत्या आणि आम्हीही. पण काकांनी ते घरी आणलं. काकूंनी “चहा ठेवते” म्हटलं की ते स्वयंपाकघराकडे कान लावून बसत आणि जरा वेळाने हाक मारत, “ठेवला का?” काकू आतून उत्तर देत, “ठेवला, उकळला, आता डोक्यावर ओतू की कपात, तेही कळवा!” काका समाधानाने मान हलवत. त्यांना टोमणा ऐकू येत नसे, फक्त खबर ऐकू येई. घरी आलेल्या माणसाने जेवून आल्याचं स्वतःहून सांगितलं नाही, तर तो जेवलेला नाही, असा त्यांचा नियम होता. माझे वडील भिडस्त. ते एका रविवारी आमच्याकडे पोटभर जेवून सहज पलीकडे गेले आणि तिकडे दुसऱ्यांदा जेवून, भिंतीला धरत धरत परत आले. “अहो, सांगायचं नाही का?” आई म्हणाली. वडील म्हणाले, “सांगायला तोंड रिकामं कुठे होतं?”

मागच्या बोळातल्या दारांची गोष्ट तर आमच्या आळीत अजून सांगतात. परसातून बकऱ्या आत येत म्हणून काकांनी मागचं दार आणि स्वयंपाकघराचं दार एका लोखंडी पट्टीने अशी जोडली, की एक नीट बंद असल्याशिवाय दुसरं उघडणारच नाही. दोन गाड्या एका रुळावर येऊ नयेत म्हणून स्टेशनात करतात तशी व्यवस्था. पहिल्याच दिवशी काकू चिकूची भली मोठी टोपली घेऊन मागच्या दाराने शिरल्या, टोपली चौकटीत अडकली, मागचं दार मिटेना, म्हणून पुढचं उघडेना. आम्ही कुंपणाशी धावलो तेव्हा काकू ओरडत होत्या, “अहो, मी सिग्नलला उभी आहे! किती वेळ उभी करणार?” आणि आतून काकांचा शांत आवाज येत होता, “मागचं दार लागल्याची खबर नाही!” शेवटी काकूंनी टोपलीच उपडी केली. चिकू बोळभर घरंगळले. त्या गडबडीत जी एक बकरी आत शिरली तिला मग दोन्ही दारं लागल्यामुळे बाहेर पडता येईना, आणि तिने बोळातले सगळे चिकू निवांतपणे संपवले.

अशा माणसाला माझ्यासारखी मुलगी म्हणजे मोठाच पेच. मी मुंबईला मावशीकडे राहून इंग्रजी शाळेत शिकले होते, आणि तिथे जे काही बोलायचं ते ‘येस मिस’ आणि ‘नो मिस’ एवढ्यात आटपत असे. डहाणूला परत आल्यावर तर तेही आटपलं. मराठी वाक्य मनात जुळवून होईपर्यंत समोरचा माणूस उठून गेलेला असे. मी मान हलवी, हसे, फार तर भुवया उचली. काका माझ्याकडे चिंतेने बघत आणि वडिलांना म्हणत, “बेबीची केबिन उत्तम चालू आहे हो. पण रिपीटरची तार तुटलीय.” मला त्यांचा राग आला नाही. माझ्याविषयी इतकं अचूक आजवर कुणी बोललं नव्हतं.

पंपघरातलं यंत्र हा काकांचा खरा जीव. रेल्वेच्या भंगाराच्या लिलावातून त्यांनी जुने रिले, म्हणजे विजेने आपोआप पडणारे खटके, घंटा, तारा आणि बॅटऱ्यांच्या काचेच्या बरण्या आणल्या होत्या, फुटलेल्या बरण्यांच्या जागी काकूंच्या लोणच्याच्या बरण्या आणि तारांना टेकू म्हणून छत्रीच्या काड्या लावल्या होत्या, आणि त्यांतून चिकूच्या कलमांना आपणहून पाणी देणारं काहीतरी उभं केलं होतं. पंपघराच्या भिंतीवर कोळशाने नियम लिहिलेले असत. ‘माती कोरडी असेल आणि हौदात पाणी असेल, तर झडप उघड.’ ‘पाऊस पडत असेल, तर उघडू नको.’ ‘ऊन चढलं असेल, तर उघडू नको.’ माती कोरडी की ओली हे यंत्राला कळावं म्हणून वाडीत आंब्याच्या सावलीत एक वाण्याचा जुना तराजू टांगला होता. एका पारड्यात वाडीतल्या मातीने भरलेली कुंडी, दुसऱ्यात दगड. कलमांना पाणी सुटलं की कुंडीलाही मिळे आणि तिचं पारडं जड होऊन खाली बसे. माती वाळली की कुंडी हलकी होऊन वर जाई आणि वरच्या तारेला टेकून यंत्राला सांगे, कोरडं! गजराचं घड्याळ रोज सकाळी एकदाच यंत्राला जागं करी. यंत्र तेवढ्यात तराजूला विचारी, हौदाला विचारी, आणि ठरवी. “यात गंमत काय आहे ठाऊक आहे?” काका मला म्हणत. मी भुवया उचली. “याला काय करायचं ते मी सांगत नाही! काय खरं आहे आणि कशातून काय निघतं, एवढंच सांगतो. करायचं काय, ते तो स्वतः काढतो. एक दिवस अशी यंत्रं येतील, बेबी, की ज्यांना नुसते नियम द्यायचे आणि जगात सोडायचं!” काकू दारातून म्हणत, “आधी याला वाडीत सोडा. जावयासारखा बसलाय. बसायला पाट, अंगावर शाल आणि काम शून्य.”

त्या उन्हाळ्यात मात्र काकूंचा सूर बदलला. त्यांचे वडील आदल्या वर्षी गेले होते, आणि जाण्याआधी त्यांनी थरथरत्या हातांनी बांधलेली शेवटची कलमं पंपघरासमोर ओळीने लावलेली होती. त्या ओळीशी काकू रोज संध्याकाळी नुसत्याच उभ्या राहत. अशात तलासरीला दिलेल्या लेकीचे दिवस भरत आले आणि काकूंना जाणं भाग पडलं. “तुम्हीही चला,” त्या काकांना म्हणाल्या. “इथे राहिलात तर हाताने पाणी घालाल आणि यंत्राने घातलं म्हणून सांगाल.” काका दुखावले. “यंत्र एकटं सांभाळेल. पैज!” “पैज तर पैज,” काकू म्हणाल्या. “माझ्या बाबांचं एक जरी कलम वाळलं, तर आल्या पावली भंगारवाल्याला बोलावीन. ज्या पोत्यातून आलं त्याच पोत्यातून जाईल. चालेल?” “चालेल,” काका म्हणाले. मग त्यांनी गड्याला बजावलं, की हौद भरायचा, पण यंत्राच्या मध्ये पडायचं नाही. आणि माझ्याकडे वळून ते म्हणाले, “बेबी, तू रिपीटर. रोज सकाळी बघायचं, झडप उघडली की नाही. हात लावायचा नाही. फक्त तलासरीच्या गाडीच्या कंडक्टरजवळ सांगायचं, तो मला सांगेल.” मी मान हलवली. “असं नाही. तोंडाने.” “हो,” मी म्हणाले, आणि काकांनी दोन्ही हात वर करून सगळ्या वाडीला सांगितलं, “खबर आली!”

डहाणूचा एसटी स्टँड सकाळी कसा असतो ते बघितलेल्यालाच ठाऊक. मासळीच्या पाट्या, भाजीची गाठोडी, गुजराती व्यापारी, कोर्टात निघालेले पक्षकार आणि शाळेचे मास्तर. त्या सगळ्यांतून वाट काढत मी कंडक्टरच्या खिडकीशी गेले आणि म्हणाले, “उघडली.” तो म्हणाला, “काय उघडली ताई?” “झडप.” “कुणाची?” माझे कान तापले. मागून एका शेठने विचारलं, “शुं थयुं बेन?” अख्खी गाडी खिडक्यांना आली. पण दुसऱ्या दिवसापासून कंडक्टरच लांबून ओरडू लागला, “ताई, उघडली काय?” मी मान हलवी, आणि तो गाडीत जाहीर करी, “उघडली हो!” गाडीत एक समाधानाची कुजबुज होई. कुणाचं काय उघडलं हे त्यांच्यातल्या निम्म्यांना माहीत नव्हतं, तरी बरं वाटे.

मग एक सकाळ अशी आली, की घड्याळाचा गजर झाला, रिलेची टकटक झाली आणि झडप उघडली नाही. मी तसं कळवलं. परतीच्या गाडीने काकांचा निरोप आला, “उत्तम! माती ओली असणार. पाण्याची बचत.” दुसऱ्या दिवशीही उघडली नाही. “फारच उत्तम!” त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. “यंत्र माझ्यापेक्षा शहाणं निघालं!” असा निरोप आला. गडीही खूष होता. हौद भरलेला तसाच असल्यामुळे त्याला इंजिन लावावं लागत नव्हतं. खूष नव्हती ती फक्त कलमं. त्यांची पानं मऊ पडली, मग कडेने तपकिरी झाली, आणि ओळीच्या टोकाच्या कलमाने तर पुरतीच मान टाकली. मी यंत्राभोवती फिरून फिरून पाहिलं. सगळं जागच्या जागी होतं. भिंतीवर नियम होते, बरण्या भरलेल्या होत्या, तराजू टांगलेला होता, तराजूत कुंडी होती, कुंडीवर ओल्या फडक्यात बांधलेली मासळी होती, आणि खाली वर बघत बसलेलं एक मांजर होतं. त्या मासळीचं मला जरासुद्धा आश्चर्य वाटलं नाही, हे इथे सांगायलाच हवं. ज्या यंत्रात लोणच्याच्या बरण्या आहेत, छत्रीच्या काड्या आहेत, वाण्याचा तराजू आहे, त्यात मासळी का नसावी? काकांनीच काही विचार करून ठेवली असेल, असं मी धरून चालले. मांजराचंही काही काम असेल.

टोकाच्या कलमाने मान टाकली त्या सकाळी मी स्टँडवर गेले तेव्हा गाडी हलली होती. कंडक्टरने लांबूनच हात केला, “नाही ना उघडली? कळवतो!” मान हलवून भागणार नव्हतं. मान हलवली असती तर काका आणखी एकदा उत्तम म्हणाले असते, आणि टोकाचं कलम गेलं असतं, आणि त्याच्यामागून काकांचं यंत्र पोत्यात गेलं असतं. मी गाडीमागे धावले आणि जन्मात पहिल्यांदा, भर स्टँडवर, पदर सावरत, इतक्या मोठ्याने ओरडले की घोडागाडीचं घोडं दचकलं. “त्यांना सांगा, यंत्र चुकतंय! माती कोरडी आहे! पानं माना टाकताहेत!” गाडी थांबली. ड्रायव्हरसुद्धा खाली उतरला. “सगळी?” त्याने काळजीने विचारलं. “पाणी आप्युं के नहीं?” शेठ खिडकीतून ओरडले, पाणी दिलं की नाही म्हणून.

काका आणि काकू मिळेल त्या गाडीने निघून दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीत हजर झाले. नातू झाला होता, पण ती खबर काकांनी आम्हाला आधी दिलीच नाही. ते थेट पंपघरात शिरले आणि एकेक रिले तपासू लागले. काकू ओळीशी गेल्या, टोकाच्या कलमासमोर थांबल्या आणि मागे न बघता म्हणाल्या, “भंगारवाल्याला बोलवा.” काका दारात आले. त्यांचा चेहरा पडला होता. “याने एकही नियम मोडलेला नाही,” ते म्हणाले. “नियम नाही मोडले,” काकू म्हणाल्या, “बाबांचं कलम मोडलं.” पैज पैज होती.

एवढ्यात कुंपणाच्या फटीतून शेजारच्या आगर गावची मासळीवाली आली. आमच्या आळीत ती रोज येई. “जरा सरा बाय,” असं काकूंना म्हणत ती सरळ आंब्याखाली गेली आणि कमरेचं ओलं गाठोडं कुंडीवर ठेवून दिलं. पारडं खट्कन खाली बसलं. त्याच क्षणी गजर झाला, आत टकटक झाली, आणि झडप जागची हलली नाही. काकांनी टाळी वाजवली. “बघितलंत? याने चूक केली नाही! याला माती ओली आहे म्हणून खोटं सांगितलं गेलं!” मासळीवाली कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “कोन खोटा सांगतंय? आजची मासळी हाय! आठवडा झाला, घरोघर फिरून येईपर्यंत ठेवतंय. इथं मांजराचा हात पोचत नाय.” “पण बाई, हा तराजू मातीसाठी आहे!” “मातीसाठी?” ती काकूंकडे वळली. “काय बाय, तुमच्यात माती जोखून घेतात?” काकूंना हसू फुटत होतं, पण डोळे टोकाच्या कलमावरून हलत नव्हते. “ते सगळं खरं,” त्या म्हणाल्या. “पण हे गेलं ते गेलंच ना?”

मी वाक्य जुळवायला घेतलं आणि या वेळी जुळायच्या आधीच ते तोंडातून बाहेर पडलं. “नाही गेलं काकू. नखाने खरवडून बघा. मी काल बघितलं. आत हिरवं आहे.” काकू खाली बसल्या. त्यांनी अंगठ्याच्या नखाने खोडावरची साल अगदी हलकेच खरवडली. आतून ओली, पोपटी रेघ उमटली. काकूंनी त्या रेघेवर बोट ठेवलं, आणि बराच वेळ उचललं नाही. काका माझ्याकडे बघत होते. त्यांनी ‘खबर आली’ म्हटलं नाही. नुसताच उजवा हात सिग्नलसारखा आडवा धरला आणि हळूच खाली पाडला.

यंत्र राहिलं. भिंतीवर नवा नियम आला, ‘तराजूवर मासळी नसेल तर.’ मग ‘मांजर नसेल तर’. मग ‘कावळा, नातू, वाळत घातलेलं धोतर नसेल तर’. भिंत भरली तरी जगातल्या वस्तू संपेनात. शेवटी काकांनी सगळं पुसून एकच ओळ लिहिली, ‘शंका असेल तर बेबीला विचार’, आणि पंपघरापासून आमच्या ओटीपर्यंत तार ओढून घंटा बसवली. रोज सकाळी यंत्र मला विचारी. मी जाऊन मातीत बोट खुपसून बघे आणि ओटीवरच्या दोन दोऱ्यांपैकी ओल्याची किंवा कोरड्याची दोरी ओढी. दोरीवर काकांचा विश्वास नव्हता, म्हणून शिवाय कुंपणाशी उभं राहून ओरडायचंही. “कोरडं आहे, काका!” “खबर आली!” त्या ओरडण्याने माझा आवाज असा काही सुटला, की पुढे तलासरीच्या शाळेत मला नोकरी लागली तेव्हा शेवटच्या बाकापर्यंत तो सहज पोचू लागला. निघताना काका स्टँडवर आले होते. “पोचलीस की कळव. नाहीतर तू वाटेतच आहेस असं मी धरीन.” मी त्याच कंडक्टरजवळ निरोप दिला, “पोचले.”

काका गेले त्याची खबर मला तलासरीला त्याच गाडीने आली. सुट्टी लागल्यावर मी घरी आले. कलमं डोक्यावर गेली होती. आता त्यांना रोजच्या पाण्याची गरज उरलेली नव्हती. सकाळी चहा पीत ओटीवर बसले होते आणि घंटा वाजली. मी दचकून कुंपणाशी गेले. पलीकडे काकू पंपघराच्या पायरीवर बसल्या होत्या, मांडीवर गजराचं घड्याळ होतं. त्या रोज त्याला चावी देत होत्या. “भंगारवाला दोनदा येऊन गेला,” त्या म्हणाल्या. “पण हे कसं देऊ? तुझे काका गेले हे याला अजून कुणी सांगितलेलं नाही. आणि खबर नाही म्हणजे नाही.”

घंटा वाजतच होती. मी टोकाच्या झाडाखाली जाऊन मातीत बोट खुपसलं. मग ओटीवर येऊन दोरी ओढली आणि कुंपणाशी उभी राहून, त्या दिवशी स्टँडवर ओरडले होते त्याहून मोठ्याने ओरडले, “ओलं आहे, काका!”

पंपघरात काहीतरी खट्ट वाजलं, आणि घंटा थांबली.